पाच जणांनी मिळून रचलेलं समुद्रकाठचं गाव: किशोरांच्या रोलप्लेइंग गेमसाठी सविस्तर पद्धत

पुण्यातल्या मुलांना समुद्रकाठचं गाव रचायला सांगितलं की पहिल्या दहा मिनिटांत कागदावर काय येणार ते ठरलेलं असतं. लांबलचक बीच, त्यावर घोडागाडी, एक रिसॉर्ट, एक पडका किल्ला आणि किल्ल्यात भूत. हा सहलीचा समुद्र. ताम्हिणी उतरून शनिवारी दुपारी पोहोचायचं आणि रविवारी जेवून परत निघायचं. अशा गावात रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन बोलत-बोलत रचलेली गोष्ट, दोन सेशनांत (बैठकांत) आटोपतो, कारण तिथे राहणारं कुणी नसतं. तेरा ते सतरा वर्षांच्या पात्रांचा खेळ तगतो तो वेगळ्याच गोष्टींवर. कुणाच्या घरी काय बिनसलंय, कुणाला कुठे जायला बंदी आहे, शेवटची एसटी किती वाजता सुटते आणि ती चुकली तर फोन कुणाला करायचा. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच हेतूने बांधली आहे: गाव पाहुण्याच्या नजरेतून सोडवून राहणाऱ्याच्या हाती द्यायचं.

नियमावली कुठलीही वापरा, फरक पडत नाही. फासे किती बाजूंचे आहेत याच्याशी या कामाचा संबंध नाही.

तयारी

चार ते पाच खेळाडू आणि एक गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि गावातल्या बाकी माणसांच्या तोंडून बोलणारा. तिघांपेक्षा कमी असले तर गाव एकाच डोक्यातलं वाटतं; सहाच्या वर गेले की नकाशावर आपली पाळी येईपर्यंत मुलं मोबाइल काढतात. सलग तीन तास हवेत. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये बसणार असाल तर जेवणाचं टेबल रिकामं करा किंवा सरळ जमिनीवर बसा, कारण नकाशाभोवती सगळ्या बाजूंनी हात पोहोचले पाहिजेत.

सामान अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं: पूर्ण आकाराची पांढरी कार्डशीट, साधारण २२ बाय २८ इंचाची. चकचकीत घेऊ नका, तिच्यावर पेन्सिल धरत नाही. दोन पेन्सिली, एक काळं आणि एक निळं पेन, पोस्टकार्डाएवढी चाळीस कार्डं, चिकटचिठ्ठ्यांचा एक गठ्ठा. आणि घरातलं कालनिर्णय. ते का, हे पुढे येईलच.

पहिली पंधरा मिनिटं: काय नको

हे टाळून थेट नकाशाकडे जायचा मोह होतो. जाऊ नका. प्रत्येकाला एक कार्ड द्या, नाव न लिहिता दोन रकाने भरायला सांगा: «अजिबात नको» आणि «पडद्याआड चालेल». पहिल्यातली गोष्ट खेळात येतच नाही. दुसऱ्यातली घडू शकते, पण तिचं वर्णन होत नाही. गेममास्टरने कार्डं गोळा करून एकत्र यादी वाचावी, कुणी काय लिहिलं याचा अंदाज बांधत बसू नये. समुद्राच्या गावात एक गोष्ट मुद्दाम नाव घेऊन विचारावी लागते: बुडणं. मुलं ती आपणहून लिहीत नाहीत आणि नेमकी तिसऱ्या सेशनला ती समोर उभी राहते. किशोरांच्या खेळात दुसरा प्रश्न प्रेमप्रकरणांचा. ती हवीत का, हवी असतील तर कुठपर्यंत, हे आत्ताच मिटवा.

टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड ठेवा. जॉन स्टाव्रोपुलोस यांनी मांडलेली ही युक्ती आता सगळीकडे वापरली जाते: कुणीही कार्डाला हात लावला की तो प्रसंग तिथेच वळतो आणि कारण विचारलं जात नाही. गेममास्टरने पहिल्या अर्ध्या तासात एकदा स्वतः, किरकोळ गोष्टीवर, ते वापरून दाखवावं. नाहीतर कार्ड शोभेचं राहतं.

तीन ठराव, वीस मिनिटांत

साल ठरवा. आजचं गाव घेतलं तर मोबाइल येतो आणि निम्मी रहस्यं एका फोनवर सुटतात. उपाय सोपा आहे आणि खोटाही नाही: रेंज फक्त सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर मिळते, खाली गावात नाही. म्हणजे फोन करायचा तर चढ चढून जावं लागतं आणि कोण सड्यावर चाललंय हे गाव बघतं. जुना काळ हवा असेल तर १९९८ चांगलं वर्ष आहे. त्या वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, गावात एखादा एसटीडी बूथ आहे आणि स्टेशन गावापासून लांब आहे.

लोकसंख्या तीन ते चार हजार ठेवा. एवढ्या गावात हायस्कूल असतं, बँकेची शाखा असते, पण कॉलेज नसतं. अकरावीला तालुक्याला जावं लागतं. त्याहून लहान वाडी घेतली तर पात्रांना एकत्र आणणारी शाळाच उरत नाही. मोठं घेतलं तर कुणी कुणाला ओळखत नाही, आणि आपलं भांडवल तर ओळखच आहे.

तिसरा ठराव नावाचा. कोकणातल्या गावांच्या नावांचे शेवट ऐकून बघा, -वली, -णे, -शेत, -शी, त्यांना झाड, खार, माती असलं काहीतरी जोडा आणि ते गाव खरोखर कुठे आहे का ते नकाशावर शोधा. असलं तर बदला. इथे उदाहरणासाठी «केवडणे» घेऊ. आडनावांबद्दल एक सूचना: केवडण्यात सगळे केवडणेकर नसतात, ते बहुतेक मुंबईला असतात.

नकाशा: पन्नास मिनिटं, आणि घाई नको

कार्डशीट आडवी ठेवा. समुद्र डावीकडे, म्हणजे पश्चिमेला. हे मोठ्याने सांगा, कारण हमखास कुणीतरी समुद्रावर सूर्योदय लिहितं. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो आणि डोंगरामागून उगवतो. गावात ऊन उशिरा येतं.

पहिल्यांदा गेममास्टर काही काढत नाही, फक्त तीन नमुने पुढे ठेवतो. एक, एका रस्त्याचं गाव: किनाऱ्याला समांतर एकच रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या थेट पुळणीपर्यंत (वाळूच्या किनाऱ्यापर्यंत). गुहागर किंवा दापोलीजवळचं मुरूड उपग्रहाच्या नकाशावर बघा, लगेच कळतं. दोन, खाडीच्या मुखावरचं बंदर, दाभोळसारखं: जेटी, मासळी, पलीकडच्या काठावर दुसरं गाव. तीन, उतारावरचं गाव: वर जांभ्याचा सडा, खाली बंदर, मध्ये चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी. मतदानाने एक निवडा. पहिल्या खेळासाठी दुसरा नमुना सर्वांत फलदायी आहे, कारण खाडी गावाचे दोन तुकडे करते. पलीकडे तरीने (खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीने) पाच मिनिटं, रस्त्याने खाडीला वळसा घालून तासभर, आणि तरीची होडी संध्याकाळी सातला बंद. या एका ओळीतून जेवढे प्रसंग निघतात तेवढे किल्ल्यातून निघत नाहीत.

मग क्रमाने, पेन्सिलीने: किनारा, खाडी, डोंगर, रस्ता, जेटी. पाच रेषा, पाच हात. एका बोटाची रुंदी म्हणजे पाच मिनिटं चालणं, हे प्रमाण कोपऱ्यात लिहून ठेवा. खाडीच्या आतल्या बाजूला खारफुटी, किनाऱ्यालगत सुरूचं बन, सड्यावर कातळ. तपशील एवढाच.

यानंतर जागा. पाळीपाळीने प्रत्येकी दोन, आणि दोन सगळ्यांच्या मिळून. एकूण बारा, त्याहून एकही जास्त नाही. पंचवीस जागांचा नकाशा देखणा दिसतो, पण खेळताना त्यातल्या सहाच लक्षात राहतात. जागा मांडताना दोन अटी पाळा. पहिली: स्वतःच्या पात्राचं घर शेवटी. आधी काढलं तर उरलेलं गाव त्या घराभोवती फिरतं. दुसरी: प्रत्येक जागेसोबत एक माणूस आणि एक अडचण सांगायची. «दीपगृह» एवढं पुरत नाही. «दीपगृहाची चावी जुन्या रखवालदाराकडे आहे आणि तो हल्ली माणसं विसरायला लागलाय» हे पुरतं. «बर्फाचा कारखाना» नव्हे, तर «बर्फाचा कारखाना, जिथला मुकादम उधारी बंद करणार आहे, आणि बर्फाशिवाय होडी बाहेर जात नाही». मूल अडलं की गेममास्टरने उत्तर देऊ नये, प्रश्न विचारावा: तिथे सकाळी सर्वांत आधी कोण येतं? तिथून कुणाला हाकललं होतं?

बारापैकी किमान तीन जागा अशा हव्यात जिथे मोठी माणसं येत नाहीत. पडकी गलबतं ओढून ठेवलेली जागा, शाळेच्या मागची टाकी, ओहोटीला उघडी पडणारी खडकांची पट्टी. किशोर पात्रांना बोलायला आडोसा लागतो. तो नसला की सगळे संवाद कुणाच्या तरी ओट्यावर, आजीसमोर होतात.

वाड्यांचा प्रश्न इथेच येतो. कोकणातल्या वाड्या बऱ्याचदा जातीच्या आणि समाजाच्या नावाने ओळखल्या जातात आणि मुलांना हे ठाऊक असतं. ते झाकून सगळं गाव एकरंगी करणं खोटं आहे. पण कोळीवाड्यातला माणूस तेवढा दारुडा आणि खलनायक, आणि मोहल्ला म्हणजे नुसता बिर्याणीचा वास, हे त्याहून वाईट. आमची शिफारस अशी: वाड्यांना जागेवरून नावं द्या (वरची, खालची, बंदरवाडी, सड्यावरची), कुणाची विहीर, कुणाची जमीन, कुणाला वर्गणीत विचारत नाहीत हे तणाव टेबलावरच्या सगळ्यांची तयारी असेल तरच आणा, आणि प्रत्येक वाडीतलं निदान एक खेळाडूचं पात्र किंवा जवळचा मित्र असू द्या. १९४९ च्या कायद्याने खोती (गावचा सारा वसूल करण्याचं वतन) गेली, पण खोतांचा वाडा आणि त्याभोवतीचा दरारा गावात उरलेला असतो. तो वापरण्यासारखा आहे.

शेवटी गेममास्टर सगळ्यांच्या संमतीने पेन्सिलीवर पेन फिरवतो. ज्या जागेवर वाद आहे ती पेन्सिलीतच राहू द्या. ती अफवा समजा.

भरतीचं घड्याळ

इथे कालनिर्णय उघडा. कोकणात चालत आलेला हिशोब आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशोबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. ओहोटी त्याच्या आधी आणि नंतर सव्वासहा तासांच्या अंतराने. दर दिवशी वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला हे बऱ्यापैकी जुळतं, दक्षिणेकडे वेळा बदलतात. खेळाला एवढं पुरे. खऱ्या समुद्रात उतरताना मात्र हा हिशोब मांडत बसू नका, तिथल्या माणसांना विचारा.

आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, चढउतार कमी. म्हणजे केवडण्याच्या समोर एखादं बेट असेल आणि तिथे फक्त मोठ्या ओहोटीला चालत जाता येत असेल, तर ती वाट महिन्यातून दोनदा, तीन-चार दिवसच नीट उघडेल, आणि तेव्हा ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला मागे डोंगरावर चंद्र उगवत असतो, अमावास्येला काळोख. वाट किती वेळ उघडी, हे टेबलाने ठरवा. दीड तास ठीक. संध्याकाळी सहाला वाट उघडते आणि तालुक्याला जाणारी शेवटची गाडी सव्वासहाला सुटते, असं लिहून टाकलं की प्रत्येक वेळी मुलांना दोनांतलं एक निवडावं लागतं. अशी टक्कर मुद्दाम शोधा, ती कृत्रिम वाटत नाही.

सणांचंही असंच. नारळी पौर्णिमा आणि होळी दोन्ही पौर्णिमेला, म्हणून दोन्हींना उधाण. गौरी-गणपतीचं विसर्जन अष्टमी-नवमीच्या आसपास आलं तर संध्याकाळी पाणी पुळणीवर चढलेलं असतं. अनंत चतुर्दशीला पावणेपाच-पाचला ओहोटी असते आणि मिरवणूक रेंगाळली की पाणी परत येत असतं.

वर्षाचा पट मोठा आहे, पण एका खेळासाठी दोनच मोसम घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद: होड्या ओढून ठेवलेल्या, माणसं घरात, हातात पैसा कमी, चिडचीड जास्त. याला जोडून गणपती, चाकरमानी येतात, घरं भरतात, मुंबईची चुलतभावंडं टेचात फिरतात. ही पहिली जोडी उत्तम. दुसरी जोडी फेब्रुवारी-मार्चची: दहावीची परीक्षा आणि शिमगा एकमेकांवर आदळतात, दारोदार पालखी येते आणि दाराआड मूल अभ्यासाला बसवलेलं असतं. वादळ हवं असेल तर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतरचा रायगड-रत्नागिरीचा किनारा नजरेसमोर आणा. वाड्यांतले माड-पोफळी आडवे झाले, आणि पोफळ पुन्हा लावून उत्पन्न मिळायला वर्षं जातात. वादळाची रात्र रंगवण्यापेक्षा त्यानंतरचं वर्ष खेळायला जास्त सकस आहे.

माणसं

पंचेचाळीस मिनिटं. प्रत्येक खेळाडू दोन प्रौढांची कार्डं लिहितो. कार्डावर पाच ओळी: नाव, काम, त्याला काय हवंय, त्याचं कुणाकडे काय देणं-घेणं, आणि मुलं त्याला हाक काय मारतात. हाक महत्त्वाची. गावातल्या सहकारी सोसायटीच्या सेक्रेटरीला एक मूल «काका» म्हणतं आणि दुसरं «साहेब», यात दोन घरांमधलं अंतर आलं. शाळेतल्या त्या «बाई», खाणावळ चालवणाऱ्या त्या «मावशी», वस्तीच्या गाडीचा कंडक्टर «भाऊ».

कार्ड लिहून झालं की ते डावीकडच्या खेळाडूला द्या. तो त्यावर एक ओळ वाढवतो: या माणसाचं माझ्या पात्रावर काय वजन आहे? डिझेलची उधारी याच्या हातात आहे. दाखल्यावर सही हिची. हिने मला एकदा जेटीवर बघितलं आणि अजून घरी सांगितलं नाही. ज्या प्रौढाचं एकाही पात्रावर वजन नाही त्याचं कार्ड फाडा. दयामाया नको.

मग पात्रं. प्रत्येकाला एक घर, एक घरकाम आणि एक गोष्ट जी त्याला गावाबाहेर ओढते. घरकाम खरं असू द्या: सुकट उन्हात पसरणं आणि कावळे हाकणं, आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरणं, पर्यटकांची ताटं वाढणं, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला पहाटे हजर राहणं. घरकाम हे पात्राचं वेळापत्रक असतं. प्रसंगाला कोण येऊ शकत नाही, हे त्यावरून आपोआप ठरतं.

बोलीचं काय? टेबलावर कुणाच्या घरी मालवणी किंवा संगमेश्वरी बोलत असतील तर त्यांना बोलू द्या. इतरांनी नाटकातल्यासारखी «काय गो» करत बसू नये. दोन वाक्यांत ती नक्कल होते आणि थट्टेकडे झुकते. आणि हो, एक पात्र पुण्याच्या पाहुण्याचं जरूर ठेवा. शनिवारी येतो, माशात खोबरं जास्त पडलं म्हणतो, भाव करतो. पुण्याची मुलं हे पात्र फार मायेने रंगवतात आणि त्या निमित्ताने पाहुण्याची नजर गावाबाहेर काढून एका माणसात बंद करता येते.

अफवा

प्रत्येकी दोन चिठ्ठ्या, «म्हणतात की...» ने सुरू होणाऱ्या. खरं काय ते लिहायचं नाही. गेममास्टर नंतर एकांतात त्यांचे तीन ढीग करतो: खऱ्या, खोट्या, अर्ध्या. हे वाटप पहिल्या दोन सेशनांनंतर बदललं तरी चालेल.

अडचण एकच आणि ती हमखास येते: दहापैकी सात चिठ्ठ्यांत भूत. गिऱ्हा, मुंजा, चकवा, वेताळ, शिवाय परदेशी मालिकांतलं एखादं. नियम करा की संपूर्ण खेळात अद्भुत गोष्ट एकच खरी असेल. गिऱ्हा घ्यायचा तर तो पाण्याचा, खाडीत राहणारा; मग चकवा ही निव्वळ वाट चुकल्याची सबब ठरते. बाकी अफवा माणसांच्या करा: सोसायटीचे पैसे कुठे गेले, कातळावरची जमीन कुणी विकली, कासवांच्या घरट्यातली अंडी कोण नेतं.

पंधरा मिनिटांची चाचणी आणि काय बिघडतं

शेवटी एक छोटा प्रसंग खेळा: तालुक्याहून येणारी वस्तीची गाडी चुकली आहे, रात्रीचे आठ, सगळी पात्रं स्टँडवर. मुलं नकाशाकडे बोट दाखवून बोलायला लागली, कुणाला फोन करायचा यावर भांडली, तर गाव उभं राहिलं. सगळे गेममास्टरकडे बघत गप्प बसले तर दोष बहुधा कार्डांत असतो, म्हणजे प्रौढांचं वजन कमी पडलं. नकाशा पुन्हा काढू नका, आणखी दोन देणी वाढवा.

एखादा बोलका खेळाडू सगळं ठरवतोय असं दिसलं तर त्याला गप्प करण्याऐवजी लिहिण्याचं काम द्या. पेन हाती आलं की तो ऐकायला लागतो. कुणी दुसऱ्याची कल्पना खोडली तर खोडणाऱ्याने त्याच जागेसाठी बदली कल्पना द्यायची, नुसतं «नको» चालणार नाही. आणि गेममास्टरने आधीच घरी कथा लिहून आणली असेल तर ती पिशवीतच राहू द्या. मुलांच्या लगेच लक्षात येतं की उत्तरं ठरलेली आहेत, आणि मग ती कुठल्याही प्रश्नावर «तूच सांग» म्हणतात.

पुढच्या सेशनाला

सेशन संपलं की नकाशाचा फोटो काढा. दर वेळी गावात एक बदल चिकटचिठ्ठीवर लिहून लावा: दुकान बंद झालं, तरीची होडी नादुरुस्त आहे, कुणी मुंबईला गेलं. तीन सेशनं टिकलेली चिठ्ठी पेनाने नकाशावर उतरवायची. दुसऱ्या सेशनाच्या सुरुवातीला गेममास्टर फक्त तीन गोष्टी वाचतो: आजची तिथी, भरतीची वेळ आणि कुणाच्या घरी काय काम पडलंय. पहिलं वाक्य मग खेळाडूंपैकी एकाने बोलायचं. नकाशा गुंडाळी करून नळकांड्यात ठेवा. लॅमिनेट केलात तर त्यावर पुढे पेन्सिल चालणार नाही.